वादळात पडलेलं घर, सात तुळया आणि आमचं जेवणाचं टेबल

सुरंगी (ठाणे)

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमच्या गावच्या घराची पश्चिमेकडची बाजू बसली. पडवी, अर्धं माजघर आणि त्यावरचा माळा. पोफळीची बाग आडवी झाली आणि एक माड सरळ छपरावर आला. काका-काकू देवघराच्या खोलीत होते म्हणून वाचले. टाळेबंदीमुळे आम्हाला कोणालाच लगेच जाता आलं नाही. काकांनी दोन गडी लावून मातीतून लाकूड उपसलं आणि गोठ्यात नीट थर लावून रचून ठेवलं. दोन थरांमध्ये रिपा घातल्या, वारा खेळता राहिला. आज माझ्या घरात जे टेबल उभं आहे ते त्या रचण्यामुळेच, कारण तसंच पावसात पडलं असतं तर खराब झालं असतं.

मागच्या वर्षी एक व्यापारी सगळं लाकूड उक्तं मागायला आला. काकांनी मला फोन केला, "देऊन टाकू का गं?" मी म्हटलं, काका, आठ दिवस थांबा, मी येते.

जाऊन मोजदाद केली. सागाच्या सात तुळया, कडीपाटाच्या, म्हणजे माळ्याच्या जमिनीच्या, बावीस फळ्या, फणसाची दोन दारं चौकटीसकट, किंजळीचे काही वासे. पोफळीच्या रिपा गेलेल्याच होत्या. ज्यांना हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी: रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार करून १४४ने भागलं की घनफूट येतात. आमची एक तुळई ६ बाय ५ इंच आणि ९ फूट लांब, म्हणजे पावणेदोन घनफुटांच्या थोडं वर. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतो. म्हणजे एक तुळई पस्तीस किलोच्या आसपास. हे आधी माहीत असलं तर टेम्पोवाल्याशी आणि स्वतःच्या पाठीशी दोन्हीकडे नीट बोलता येतं.

टेबलासाठी मी पाच फळ्या आणि एक तुळई घेतली. सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर खिळ्यांत. पाच फळ्या आणि एक तुळई मिळून ४११ खिळे निघाले, मोजून एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. पहिले वीस-पंचवीस मी सरळ ओढायला गेले आणि डोकी तुटून हातात आली. मग गावच्या सुतारकाकांनी दाखवलं. खिळा काढायच्या आधी त्याला एक हलका ठोका आत मारायचा. गंजाने धरलेली पकड सुटते, ठोक्याचा आवाज बद्दवरून मोकळा होतो. तो बदल एकदा कानाला कळला की चुकत नाही. मग पक्कडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून हळूहळू वर. तुटून आत राहिलेले खिळे शोधायला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवलं. जिथे दोरी तिरकी होते तिथे खडूने खूण.

एवढं करूनही तालुक्याच्या गावातल्या सॉ-मिलने आधी नाहीच म्हटलं. एक खिळा लागला तर पातं जातं, त्यांचं बरोबरच आहे. शेवटी पातं तुटलं तर पैसे माझे, या बोलीवर तुळई उभी चिरून दिली. त्यातून चार पाय आणि खालची चौकट निघाली. पातं शाबूत राहिलं.

रंध्याचा पहिला हात फिरला तो क्षण सांगते. वरचा थर राखाडी, धुराने काळवंडलेला, त्यावर चुन्याचे शिंतोडे. दोन हात मारल्यावर खालून तुपाच्या बेरीसारखा रंग आला आणि चामड्यासारखा उग्र, गोडसर वास सुटला. काकू चुलीपाशी होत्या, त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माळ्यावर असाच वास यायचा, पहिल्या पावसात." ज्या फळ्यांवर आजीने भाताची कणगी ठेवली त्यांवर आता माझी मुलं जेवतात. मला त्याचं फार मोल वाटतं.

आता माझे प्रश्न.

एक: टेबल जानेवारीत केलं. वरचा पाट ५ फूट बाय अडीच फूट, चार फळ्या फेविकॉलने जोडलेल्या, खालून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने घट्ट आवळल्या. जुलैत मधोमध उंचवटा आला. ताटलीतलं ताक एका बाजूला जातं. काय चुकलं?

दोन: तुळईच्या एका टोकाला पटाशीने कोरलेली खूण आहे. तीन उभ्या रेघा आणि शेजारी अर्धचंद्रासारखी एक कोर. चिरताना ती वाचवली, एका पायाच्या आतल्या बाजूला आहे. कोणाला अर्थ माहीत आहे का?

तीन: उरलेल्या सहा तुळयांपैकी चार चांगल्या आहेत. त्यांचा बाक करायचं डोक्यात आहे. करावा का?


रंधा_पटाशी (चिपळूण)

सुरंगीताई, आमचं घर सुतारांचं. आजोबा, वडील आणि आता मी. खिळ्याला आधी आत ठोका मारायचा हे तुमच्या सुतारकाकांनी सांगितलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. हल्ली पोरं ग्राइंडर लावून डोकी उडवतात आणि खिळा आत ठेवून पुट्टी भरतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लाकूड मेलं तरी हवेबरोबर हलतं. शंभर वर्षांचं असलं तरी हलतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत हलतं. साग इतर लाकडांपेक्षा कमी हलतो, तरी अडीच फूट रुंद पाटाला उन्हाळा आणि पावसाळा यांत तीन ते पाच मिलिमीटरचा फरक पडतो. तुम्ही जानेवारीच्या कोरड्या हवेत खालून आवळून टाकलंत. जुलैत पाट रुंद व्हायला बघतो, पट्टी सोडत नाही, मग तो वर उचलणार नाही तर कुठे जाणार?

पट्ट्या काढा. मधला स्क्रू आहे तसा ठेवा. बाकीच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं आडवी लांबट करा, सहा-सात मिलिमीटर लांब, गोल कानशीने होतं. खाली वॉशर घाला आणि स्क्रू लागेल इतकाच आवळा, पिळू नका. पट्टी आणि पाट यांच्यात फेविकॉलचा थेंब नको. फळी-फळीच्या मधे फेविकॉल चालतो, कारण दोघी एकाच दिशेने हलतात. दसऱ्यापर्यंत उंचवटा आपोआप बसेल. आत्ता रंधा मारून सपाट करू नका, नाहीतर जानेवारीत तिथे खळगा दिसेल.

जुन्या दारांकडे बघा. मागच्या आडव्या पट्ट्या खाचेत सरकवून बसवलेल्या असतात, चिकटवलेल्या नसतात. आजोबा म्हणायचे, दाराला श्वास घेऊ द्या.

खुणेबद्दल रात्री लिहितो, वडिलांना विचारून.


आजीचा_डबा (नाशिक)

फार सुंदर लिहिलंयस सुरंगी. माझ्याकडे सासूबाईंच्या माहेरचा लाकडी पाळणा आला आहे, हिरव्या तेलरंगाचे तीन-चार थर आहेत. पॉलिशपेपरने घासून मूळ लाकूड काढायचं ठरवत होते. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. काही काळजी घ्यायची का?


डोंबिवलीकर_७

आजीचा_डबा ताई, कृपा करून कोरडं घासू नका. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल छटांत. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याच्या कितीतरी आधीचा हा रंग असणार. घासल्यावर जी भुकटी उडते ती जमिनीवर बसते, मूल रांगतं, हात तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं आणि त्यात सुरक्षित असं प्रमाण नाही.

काढायचाच असेल तर मूल काही दिवस दुसरीकडे असताना, घराबाहेर, खाली प्लॅस्टिक अंथरून, लाकूड ओलं ठेवून खरवडा. एन-९५ मास्क लावा. ज्योत किंवा गरम हवेची बंदूक वापरू नका, त्याने वाफ होते. खपल्या आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. खरं सांगू का, पाळणा म्हणून वापरायचा असेल तर मी या भानगडीतच पडणार नाही. तो तसाच जपून ठेवा, त्यात बाळ झोपवू नका.

माझं स्वतःचं काम पॅलेटच्या लाकडाचं आहे. आमच्या एमआयडीसीत परदेशातून यंत्रं येतात त्यांच्या खालचे पॅलेट, बहुतेक पाइनचे. सागाची सर त्याला नाही, पण गॅलरीतल्या कुंड्यांचे खोके, चपलांचं कपाट, पुस्तकांची मांडणी यांना उत्तम. फक्त शिक्का बघून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं, देशाची दोन अक्षरं आणि पुढे प्रक्रियेची अक्षरं. एचटी म्हणजे उष्णतेने कीड मारलेलं, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं. ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं. ते घरात आणू नका. आणि एचटी असलं तरी त्यावर आधी काय सांडलं होतं ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून तेलकट डाग किंवा रसायनाचा वास असलेला पॅलेट मी तिथेच सोडतो.


बोरीबाभूळ (यवतमाळ)

आमच्याकडे खाचराची, म्हणजे बैलगाडीची, मोडकी चाकं, जुने नांगर यांचं बाभळीचं लाकूड पडून राहते. इतकं टणक की रंध्याचं पातं दोनदा लावून घ्यावं लागलं, पण त्याचे स्टूल असे झालेत की दोन माणसं उभी राहिली तरी कुरकुरत नाही. बाभळीत जागोजाग गाठी, तेव्हा लांब फळीच्या नादी लागू नये, छोटी आटोपशीर वस्तू करावी.

एक विचारायचं होतं. गावात रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर विकायला आहेत, जाडजूड, स्वस्त. टीपॉय करावा म्हणतो.


रंधा_पटाशी (चिपळूण)

बोरीबाभूळ दादा, स्लीपर घरात नको. त्यांना कुजू नये म्हणून क्रिओसोट पाजलेलं असतं, डांबरापासून काढलेलं तेल. चाळीस वर्षांनी चिरलं तरी आतून काळं आणि उग्र वासाचं निघतं, उन्हाळ्यात पाझरतं. ते कातडीला वाईट आणि छातीलाही वाईट. जाळूसुद्धा नये. बांधावर मातीला टेका द्यायला वापरा, तेही विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब.

आता खूण. वडिलांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं.

घर उभं करताना सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे. प्रत्येक खांबाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, आणि प्रत्येक तुळईची खाच एकमेकांसाठी हाताने तासलेली, म्हणजे एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही. मग सगळं सुटं करून जोत्यावर नेऊन परत जोडायचं. तेव्हा चुकू नये म्हणून ज्या खांबावर जी तुळई बसणार त्या दोघांवर एकच खूण कोरायची. रेघा म्हणजे आकडा. कोर, फुली, टिंब ही ओळीची खूण, म्हणजे पडवीची ओळ वेगळी, माजघराची वेगळी. हे आमच्याकडचं, प्रत्येक सुताराची भाषा थोडी वेगळी असणार. पण वडील म्हणाले, तुमची तुळई कोरेच्या ओळीतली तिसरी. तिचा खांब कुठेतरी आहे, नाहीतर होता. खूण खांबाच्या माथ्याशी, तुळईकडे तोंड करून असते. चुन्याखाली लपलेली असेल, हाताने चाचपा.


उत्तरवारा (न्यूकॅसल, इंग्लंड)

हे वाचून राहवलं नाही. माझ्या घरापासून तासाभरावर हार्टलपूल म्हणून बंदराचं गाव आहे. तिथे एचएमएस ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका गोदीत तरंगते आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली, मलबारच्या सागाची. नेपोलियनच्या युद्धांमुळे इथे ओकची चणचण झाली होती, म्हणून नौदलाने मुंबईकडून जहाजं बांधून घेतली. दोनशेहून जास्त वर्षं झाली, आणि ब्रिटनच्या अजून पाण्यावर असलेल्या युद्धनौकांत ती सगळ्यात जुनी. पहिल्यांदा गेलो तेव्हा खालच्या मजल्यावर वाकून चालताना एका तुळईवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. बाहेर पाऊस आणि चार अंश तापमान, आणि हाताखाली आपल्याकडचं झाड.

सागात तेल आणि राळ असते, शिवाय सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो कठीण पदार्थ. त्यामुळे वाळवी सहसा गाभ्याला हात लावत नाही आणि त्याच कारणाने तुमच्या रंध्याची पाती लवकर बोथट होतात. चिकटवताना एक करा. ताज्या रंधलेल्या कडेवर तेल वर येतं, म्हणून रंधा मारल्यावर त्याच दिवशी, स्पिरिटच्या फडक्याने पुसून मगच फेविकॉल लावा. मी इथे जुन्या शाळेतल्या प्रयोगशाळेची सागवानी टेबलं घेऊन कपाट केलं, पहिला सांधा दोन महिन्यांत सुटला तेव्हा हे शिकलो.


मांडवी (फोंडा)

सगळ्यांचे अनुभव छान आहेत, तरीही मला जे वाटतं ते लिहिते.

आमच्या गावात गेल्या दहा वर्षांत सात-आठ जुनी घरं गेली. सगळी पडायला झाली होती असं नाही. आधी कोणीतरी येऊन दाराचा भाव करतं. कोरीव चौकट, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, खांब. म्हाताऱ्या माणसांना वाटतं, दार गेलं तर काय, पत्र्याचं बसवू. दार गेलं की पाऊस आत येतो, चार वर्षांत घर जातं. मग शहरातल्या हॉटेलात तेच दार काच ठेवून टेबल म्हणून दिसतं. मी एकदा अशा टेबलावर बसले होते. दाराचा आडणा सरकवायची खाच काचेखाली दिसत होती. मला जेवण गेलं नाही.

म्हणून सुरंगीताई, तुमचं घर वादळाने पडलं, तुमची गोष्ट वेगळी. पण जे वाचून उत्साहाने बाजारात जातील त्यांना सांगते, विकत घेताना विचारा की हे कुठून आलं. आणि फणसाच्या त्या दोन दारांचं काही करू नका. दार हे दारच राहू द्या.


खडकवासला (पुणे)

मांडवीताईंशी मी निम्मा सहमत आहे. पुण्यात पेठांतले वाडे पुनर्विकासासाठी उतरवले जातात ते कोणाला टेबल हवंय म्हणून नाही. भाडेकरू, वाटण्या, मालकी यांची चाळीस-चाळीस वर्षांची भांडणं असतात. वाडा उतरतो तेव्हा ठेकेदार मोठ्या तुळया वखारीला देतो आणि बारीक लाकूड जळणाला जातं. कितीतरी बेकऱ्यांच्या भट्ट्यांत इमारतीचं भंगार लाकूड जळालं आहे. मी स्वतः शनिवार पेठेतल्या एका पाडकामातून कडीपाटाच्या अकरा फळ्या टेम्पोत घालून आणल्या, नाहीतर त्या दुसऱ्या दिवशी राख झाल्या असत्या. त्यातून आईला देवघर करून दिलं.

जुनं लाकूड घेताना मी काय बघतो ते सांगतो. खिशात छोटा चाकू. भिंतीत गेलेलं टोक, खिळ्याजवळची जागा आणि बुंध्याची बाजू इथे टोचायचं. पातं चीजमध्ये जावं तसं आत गेलं तर तेवढं कापून टाकायचं, साधारण फूटभर तरी जातं. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पिठी म्हणजे भुंगा आहे. पिठी झटकून लाकूड काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. परत पिठी पडली तर कीड जिवंत आहे, ते लाकूड घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवा आणि बोरिक पावडर-बोरॅक्सचं पाणी दोनतीनदा मुरवा. सागाच्या पांढरट बाहेरच्या भागालाही भुंगा लागतो, गाभ्याला नाही. विकणारा "सागाला काही होत नाही हो" म्हणाला तर कडेचा पांढरा पट्टा बघून घ्या.

खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग हे कुजणं नव्हे. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो रंग. ऑक्झॅलिक आम्लाने जातात, पण मी ठेवले. देवघराच्या कमानीवर एका ओळीत सहा डाग आहेत, दिव्यांच्या ओळीसारखे.

आणि वाहतूक. सागाला वन खात्याचा परवाना लागतो आणि नाक्यावर जुनं-नवं बघत नाहीत. घराचा उतारा, पंचनाम्याची प्रत, लाकडाची यादी घेऊन आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा. एक दिवस जातो पण रात्री रस्त्यात अडकायला होत नाही.


सुरंगी (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्ट्यांची भोकं रविवारी लांबट केली. शेवटचा स्क्रू सोडताना "कट्ट" असा आवाज करून पाट सुटला आणि डोळ्यांदेखत पट्टी इवलीशी सरकली. उंचवटा अजून आहे पण निम्मा झालाय.

मांडवीताई, दारांना हात लावणार नाही. काकांनाही तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते.

खडकवासला, पंचनाम्याची प्रत काकांकडे होती म्हणूनच माझं काम झालं, हे लिहायचं राहून गेलं होतं.

कोणी विचारण्याआधी पॉलिशबद्दल सांगते. मी बेलतेल, म्हणजे जवसाचं (अळशीचं) तेल लावलं. फडक्याने पातळ हात, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी परत, असे चार हात. वर मधमाश्यांचं मेण. चकाकी नाही येत पण हात फिरवला की लाकूड लागतं, प्लॅस्टिक नाही. आमटी सांडली तर लगेच पुसावी लागते.


रंधा_पटाशी (चिपळूण)

बेलतेलाचं लिहिलंत तर हे लिहिणं माझं कर्तव्य आहे. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. बेलतेल सुकताना स्वतः गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून कापड आपोआप पेट घेतं. कोणी काडी लावावी लागत नाही. आमच्या कारखान्यात एकदा रात्री धूर निघाला, वडिलांना झोप लागली नव्हती म्हणून थोडक्यात निभावलं. फडकी दोरीवर एकेरी वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

ताई, चार तुळयांच्या बाकाबद्दल मी मुद्दाम अजून बोललो नाही. आधी गावी जाऊन खांब बघून या.


सुरंगी (ठाणे)

गणपतीला गावी जाऊन आले. सविस्तर लिहिते.

पडक्या बाजूला माजघराचे तीन खांब अजून उभे आहेत. वर ताडपत्री. काकांनी शिडी धरली आणि मी माथ्याशी हात घातला. चुन्याचे इतके थर की काहीच लागेना. मग ओल्या फडक्याने भिजवून नखाने खरवडलं. पहिल्या खांबावर एक रेघ आणि कोर. दुसऱ्यावर दोन रेघा आणि कोर. तिसऱ्यावर तीन.

मी खाली उतरून पायरीवर बसले. तिसऱ्या खांबाची तुळई ठाण्यात आहे, चार पाय होऊन. मला माहीत असतं तर मी दुसरी कुठलीतरी उचलली असती. काका म्हणाले, "अगं, ती तुटलेलीच होती मधून, तिथे परत चढली नसती." ते खरंच आहे, त्या तुळईला मधोमध चीर होती म्हणूनच मी ती घेतली होती. तरी.

मग आम्ही दोघं गोठ्यात गेलो आणि उरलेल्या सहा तुळयांची टोकं एकेक करून पुसली. एक रेघ-कोर सापडली. दोन रेघा-कोर सापडली. दोन्ही चांगल्या चारांतल्या. बाकीच्यांवर फुल्या आहेत, त्या पडवीच्या असाव्यात, पण पडवीचे खांब आता नाहीत.

काकांनी तिथेच ठरवलं, पुढच्या पावसाआधी माजघराची बाजू परत उभी करायची. पूर्ण नाही, तीन खांबांपुरती. पत्रे न घालता जुनी कौलं, मागच्या अंगणात सहाशे तरी रचलेली आहेत. मी त्यांना म्हटलं, पैसे अर्धे माझे. बाक करायचा तर पडवीच्या उरलेल्या दोन तुळयांचा करू, आणि तो ठाण्याला न नेता तिथेच ठेवू.

आता अडचण. दोन रेघांची तुळई भिंतीकडच्या टोकाला कुजली आहे. खडकवासला म्हणतात तसा चाकू टोचत गेले, चौदा इंचांवर घट्ट लाकूड लागलं. म्हणजे तुळई चौदा इंचांनी आखूड. खांबाकडचं टोक मात्र कोरं करकरीत आहे, खाच तशीच. रंधा_पटाशी, ती परत चढवता येईल का?


रंधा_पटाशी (चिपळूण)

येईल. दोन रस्ते आहेत.

एक म्हणजे जोड. दुसऱ्या जुन्या सागाचा तुकडा घ्यायचा, तुमच्या कुजलेल्या तुळयांतूनच निघेल. दोन्ही टोकं तिरकी उतरवून एकमेकांवर बसवायची, उतार तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी लांब, मधे पाचर आणि आरपार बोल्ट. सुंदर होतो, पण हात बसलेला सुतार लागतो, आणि तुमची ६ बाय ५ची तुळई वर कौलांचा भार घेणार असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी करणार नाही.

दुसरा रस्ता माझ्या वडिलांचा. तुळईला जोड देऊच नका. भिंतीला लागून आतल्या अंगाला एक नवीन खांब उभा करा, खाली दगडाचा तळखडा, आणि तुळईचं कापलेलं टोक त्यावर घ्या. चौदा इंच आपोआप भरून निघतात. शिवाय टोक परत ओल्या भिंतीत जात नाही, जिथे ते कुजलं होतं. माजघरात भिंतीशी एक खांब जास्त दिसेल एवढंच. मी हाच करीन.

खांबाला फणस चालेल, वादळात पडलेला असेल तर अजून बरं, चार वर्षं वाळलेला आहे. टोक कापल्यावर ताज्या कापावर लगेच तेल किंवा मेण चोपडा, नाहीतर तडे जातील. नव्या खांबाच्या माथ्यावर दोन रेघा आणि कोर कोरायला विसरू नका, आणि तुळईच्या नव्या टोकावरही.

दिवाळीनंतर पंधरा दिवस माझं काम कमी असतं. काकांना चालणार असेल तर वडिलांना घेऊन येतो. त्यांना त्या खुणा बघायच्या आहेत. तोवर सहाही तुळया जमिनीपासून हातभर वर ठेवा आणि एक रेघवाली कोणाला चिरू देऊ नका.